पाठ केलेला तक्ता

ही गोष्ट मी नऊ वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही, रोज आठवायची. न सांगता माझं भागत होतं, म्हणून सांगितली नाही. घरात मला कुणी विचारत नव्हतं, आणि जिने विचारलं असतं तिने माझ्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. मन हलकं करायला म्हातारा लिहायला बसला, असं कुणी समजू नये. माझं मन हलकं व्हावं अशी माझी लायकी नाही. माझ्या नातीच्या डाव्या डोळ्याचं जे झालं त्याचा दोष आमच्या घरात नऊ वर्षं तिच्या आईच्या नावावर आहे. तो माझा आहे. एवढं कागदावर यावं, म्हणून हे.

मी मुलुंडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावर यायचा. मी तो मायक्रोमीटरने मापायचो, उजेडात फिरवून बघायचो, बरोबर असला तर त्यावर माझ्या नंबराचा शिक्का मारायचो आणि नसला तर लाल रंगाचा फराटा ओढायचो. कामगार मला तोंडावर शिव्या द्यायचे. सुपरवायझर येऊन म्हणायचा, सोडून द्या हो, केसभरच तर कमी आहे. मी सोडत नसे. कोकणातून येऊन गिरणीत राबलेल्या बापाचा मी मुलगा, पण माझ्या टेबलासमोर इंजिनियर उभे राहायचे. त्या शिक्क्याचा मला माज होता. रिटायर झाल्यावर शिक्का गेला, माज राहिला.

सून मला पहिल्यापासून आवडली नाही. कारण विचाराल तर धड एकही सांगता येणार नाही. ती प्रश्न विचारायची. मी काही बोललो की 'कशावरून?' असं म्हणायची, तेही शांतपणे. माझ्या बायकोने चाळीस वर्षांत मला 'कशावरून' विचारलं नव्हतं. बायको गेली तेव्हा नात तीन वर्षांची होती. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सूनबाईंचं ऑफिस पार अंधेरीला. बालवाडीतून साडेबाराला आलेल्या पोरीला संध्याकाळी साडेसहापर्यंत सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. पोरीवर माझा जीव होता. हे सांगून मला काही सूट मागायची नाही. जीव होता आणि तरीही मी हे केलं.

पोरगी साडेचार वर्षांची असताना तिच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली. पापणी एवढी सुजली की डोळा मिटून गेला. रविवारची सकाळ होती. तिच्यापुढे शंकरपाळ्यांची बशी ठेवली होती. तिने हात पुढे केला आणि तो बशीच्या बाजूला टेबलावर पडला. परत केला, परत बाजूला. मी हसलो. तिच्या आईला हसू आलं नाही. तिने पोरीच्या तोंडापुढे चमचा धरला आणि हळूहळू लांब नेला. पोरगी किरकिरायला लागली.

रांजणवाडी चार दिवसांत गेली, पण सुनेचा उद्योग थांबला नाही. खेळता खेळता ती पोरीच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायची. पोरगी निवांत चित्र काढत बसायची. मग उजव्यावर ठेवायची. पोरगी तिचा हात झटकून टाकायची, ओरडायची, मान फिरवायची. दर वेळी हेच. आठवडाभर हे बघून मी मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नोकरी कसली करतेस, दवाखानाच टाक."

"बाबा, तिला डाव्याने दिसत नाहीये."

"दोन्ही डोळे सरळ आहेत. तिरळी आहे का ती? चष्मा आहे? काही दुखतंय? उगाच पोरीला आजारी पाडू नकोस."

मग मीच परीक्षा घेतली. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या मालाची परीक्षा घेतलेला माणूस. पोरीला स्वयंपाकघराच्या दारात उभी केली, उजवा डोळा माझ्या हाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा वाचायला सांगितल्या. तिने एक ते एकतीस एका दमात म्हणून दाखवल्या. मी सुनेकडे बघितलं. तिने काहीच वाद घातला नाही. पोरीला खांद्याला धरून वळवलं, कॅलेंडरकडे पाठ केली आणि म्हणाली, "आता म्हण." पोरीने एक ते एकतीस एका दमात म्हटल्या.

"ती वाचत नाहीये, बाबा. म्हणतेय."

मुलगा हसला. मी चपला घातल्या आणि खाली कट्ट्यावर जाऊन बसलो.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहिलाय. लहान पोराच्या तोंडून आलेलं पाठांतर नजरेसारखं दिसू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं होतं. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासलं. सून म्हणत होती ते खरं निघालं. डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता आणि उजव्याला जवळजवळ नव्हताच. उजव्या डोळ्यावर सगळं भागत होतं म्हणून मेंदूने डाव्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. याला आळशी डोळा म्हणतात, असं त्या म्हणाल्या. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशाला कामाला लागावंच लागतं. जितकं लवकर तितकं बरं. सात-आठ वर्षांपुढे फरक पडणं कठीण होत जातं. हे सगळं सुनेने घरी येऊन मला दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा पेपर वाचत होतो.

चार तास म्हणजे एक ते पाच. म्हणजे माझी वेळ.

तिने एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. जेवण झाल्यावर पट्टी लावणे. पट्टीवरून चष्मा घालणे. या वेळात चित्रं, मणी ओवणे, गोष्टीचं पुस्तक. टीव्ही कमीत कमी. पाचला पट्टी काढून टाकणे. आणि शेवटी, कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करणे. त्याच चौकोनांत आमच्याकडे दुधाचा खाडा आणि सिलेंडर लावल्याची तारीख लिहायचे. आता तिथे माझी हजेरी लागणार होती. मी तो कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या टेबलापुढे इंजिनियर उभे राहायचे त्याच्या कामावर ही सून खुणा मागत होती.

पहिले आठ दिवस मी इमानदारीत पट्टी लावली. पोरगी रडायची. दाराच्या चौकटीला आपटली, पाण्याचा तांब्या लवंडला, मणी ओवायचे सोडून फेकून दिले. "आजोबा, काढ ना रे. मला अंधार होतो." चारला खाली घेऊन गेलो तर कट्ट्यावरचा एक जण म्हणाला, "काय हो, नातीला काणी करून ठेवलीत?" बाकीचे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो, आणि पोरीला घेऊन वर आलो.

नवव्या दिवशी मी पट्टी काढली.

तिची दया आली म्हणून काढली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. दया होती थोडी. लाज त्याहून जास्त होती. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पट्टी नसली की पोरगी शांतपणे चित्र काढत बसायची आणि मला दुपारची झोप मिळायची. एका मुलीचा डोळा आणि म्हाताऱ्याची दोन तासांची झोप, असा तो व्यवहार होता. वर सुनेचा कागद पायदळी तुडवल्याचं समाधान, ते वेगळं.

पण काम चोख केलं. इन्स्पेक्शनचा माणूस, चोरी कशी पकडतात ते मला माहीत होतं. कचऱ्यात वापरलेली पट्टी दिसायला हवी. डोळ्याभोवती गमाचा लाल चट्टा उठायला हवा. म्हणून रोज पावणेपाचला मी नवी पट्टी फोडून पोरीला लावायचो, पंधरा मिनिटांनी जोरात ओढून काढायचो आणि कचऱ्यात टाकायचो. चट्टा उठायचा. मग कॅलेंडरवर खूण. पोरीला त्याची सवय झाली. पावणेपाच झाले की ती स्वतःच येऊन मला हलवायची, "आजोबा, ऊठ, शिक्का मारायचाय." शिक्का हा शब्द तिने माझ्याच कारखान्याच्या गोष्टींतून उचलला होता.

चौतीस वर्षांत मी एकही खोटा शिक्का मारला नव्हता.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डावा डोळा होता तिथेच. डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं, पट्टी नीट लागते ना? ती घरी आली आणि तिने मला विचारलं. सरळ, बूट काढता काढता.

"बाबा, पट्टी पूर्ण चार तास राहते ना?"

"मला खोटारडा म्हणतेस?"

"विचारतेय फक्त."

"कॅलेंडरवर खुणा आहेत. वाचता येतात ना?"

त्यावर मुलगाही तिला बोलला, बाबांवर संशय घेतेस म्हणून. चार तासांचे सहा तास झाले. म्हणजे माझ्यासाठी काहीच बदललं नाही, फक्त खोटं दीडपट झालं.

पुढच्या खेपेला पोरीचा चष्मा बदलायचा होता. सुनेला रजा मिळेना, म्हणून मी घेऊन गेलो. थेंब घालायच्या आधी आम्ही तपासणीच्या खोलीत बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर दिव्याचा खोका, त्यावर काळी इंग्रजी अक्षरं, वरचं सगळ्यात मोठं, खाली खाली बारीक होत गेलेली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला तोच तक्ता. माझ्या पुढच्या माणसाने तो वाचला, त्याच्या पुढच्या बाईने वाचला. माझी नजर तेव्हा चांगली होती. अर्ध्या तासात मी सहा ओळी फाइलच्या पाठीवर उतरवून घेतल्या.

का, ते सांगतो. पुढच्या तपासणीतही फरक दिसला नसता तर डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच विचारलं असतं, आणि कधी ना कधी सून रजा टाकून दुपारी घरी बसली असती. मला पकडलं जायचं नव्हतं. एवढंच कारण.

आमच्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत. शुभंकरोति, मग पाढे. माझ्या वडिलांनी चाळीत आम्हा भावंडांकडून म्हणून घेतले, मी मुलाकडून घेतले, आणि आता नातीकडून. एका सुरात, डोलत, न थांबता. अडखळलं की पहिल्यापासून. त्या परवच्यात, सून यायच्या आधी, मी तो तक्ता घातला. शुभंकरोति झालं की तक्ता, तक्ता झाला की बेचा पाढा. "ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी." पोरगी मोठ्या शिशूत होती, अक्षरं ओळखीची होती. पंधरा दिवसांत तिला सहाही ओळी तोंडपाठ झाल्या. तिला सांगितलं, हे आपल्या दोघांचं गुपित, डॉक्टरबाईंना एकदम चकित करायचं. तिला गुपितं आवडायची. एकदा आईसमोर म्हणाली, "आजोबा, आज ई एफ पी नाही?" मी म्हटलं, "उद्या." सून भाजी निवडत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या तपासणीला मी गेलो नव्हतो. संध्याकाळी सून पेढे घेऊन आली. डावा डोळा चार ओळी सुधारला होता, पट्टी आता तासभर पुरे, सहा महिन्यांनी दाखवा. तिने देवापुढे पेढा ठेवला, एक माझ्या हातावर ठेवला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. लग्नानंतर सणवार सोडून तिने असं कधी केलं नव्हतं.

"बाबा, मी तुमच्यावर संशय घेतला होता. तुमच्यामुळे झालं हे."

मी पेढा खाल्ला. केशरी होता. त्याची चव मला अजून सांगता येईल, आणि कुणी विचारली तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पोरगी साडेपाच वर्षांची होती, वेळ हातात होता. मी बोललो नाही, उलट त्या दिवसापासून तासाभराची पट्टीही लावली नाही. बरा झालेल्या डोळ्याला कशाला? मीच तयार केलेल्या खोट्यावर माझाच विश्वास बसायला लागला होता. सहा महिन्यांची तपासणी पुढे ढकलत ढकलत वर्षावर गेली. त्यातही माझा हात होता. दर वेळी मी काहीतरी काढायचो, पोरीला खोकला आहे, शाळेचं स्नेहसंमेलन आहे.

पोरगी सातवं पूर्ण करायला आली तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, तुम्हीपण चला. तुमची मेहनत आहे, तुमच्यासमोर डॉक्टरबाई सांगू देत." मी गेलो.

खोली तीच. खोका गेला होता. त्याच्या जागी एक स्क्रीन होता. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो आणि बसता बसताच मला कळलं. उठून काहीतरी बोलायला बहुतेक अर्धं मिनिट होतं. मी खुर्चीचे हात धरून बसलो.

तपासणाऱ्या मुलीने पोरीचा उजवा डोळा काळ्या पळीने झाकला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर एकच ओळ आली, पाच अक्षरं, तीही बऱ्यापैकी मोठी. पोरीने हात मागे बांधले, डोलायला लागली आणि सुरात सुरू केलं.

"ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी."

तपासणारी थांबली. तिला वाटलं पोरगी मस्करी करतेय. तिने बटण दाबलं. आता एक घर होतं, एक सफरचंद, एक छत्री. "बाळा, हे काय आहे सांग."

"ई. एफ पी. टी ओ झेड." आता जरा मोठ्याने. आमच्याकडे अडखळलं की पहिल्यापासून म्हणायचं असतं. सहा ओळी पूर्ण करून पोरीने मान वळवली आणि बरोबर आलं का ते विचारायला माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः तपासलं, बराच वेळ. मग सुनेला म्हणाल्या की हा डोळा पहिल्या दिवशी होता तिथेच आहे. पट्टी लावत होता का तुम्ही? सुनेने फाइल उघडली. कॅलेंडरची गेलेली पानं तिने एकेक करून फाडून त्यात लावून ठेवली होती. प्रत्येक चौकोनात खूण. माझी. तिने ती पानं डॉक्टरबाईंपुढे पसरली.

"मग हे पाठ कुणी करून घेतलं? तुम्ही शिकल्यासवरल्या आई आहात. रिपोर्ट चांगला यायला हवा होता, की डोळा?"

सून म्हणाली, "मी नाही केलं."

"मग कुणी?"

तिने पानं गोळा करून फाइलमध्ये ठेवली. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. मी दाराजवळ बसलो होतो, हातात पोरीची पाण्याची बाटली होती. रिक्षात पोरगी आम्हा दोघांच्या मध्ये बसून सारखी विचारत होती, "आई, मी सगळं बरोबर म्हटलं ना?"

संध्याकाळी मुलगा आला. तो चिडला, ओरडला, पोरीला विचारलं तर ती 'गुपित आहे' एवढंच म्हणाली, आणि मग त्याने मला विचारलं की बाबा, घरी तुम्ही असता, तुम्हाला काही माहीत होतं का? सून आत पोरीला जेवू घालत होती.

मी म्हटलं, "रात्री झोपवताना ती काहीतरी इंग्रजी अक्षरं म्हणून घेते, तेवढं ऐकलं होतं. तिला तरी कुठे सारखी रजा मिळते रे. लवकर आटपायचं असेल."

हे मी म्हटलं. गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. मुलाला आपोआपच बायकोचा संशय आला असता. पण मी वर हे म्हटलं. पट्टीचं एक वेळ बाजूला ठेवा. तक्त्याचंही ठेवा. हे एक वाक्य मला आयुष्यातल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त किळसवाणं वाटतं, आणि ते माझ्या तोंडून किती सहज आलं होतं ते मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून स्वयंपाकघरात आली. मी चहा गाळत होतो.

"ती म्हणून झाल्यावर तुमच्याकडे बघत होती. मला दिसलं."

मी गाळत राहिलो.

"मला तुमच्याकडून काही नको. तुमच्या मुलाला सांगा. मी सांगितलं तर त्याला खोटं वाटेल. तुम्ही सांगा, बाबा. एकदाच."

"पोरगी घरी टाकून अंधेरीला मिरवायला जायचं आणि झाल्यावर म्हाताऱ्याच्या गळ्यात मारायचं," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला. मी लावलेला होता, चहा झाला तरी चालूच राहिला होता. आणि ती निघून गेली. त्यानंतर तिने मला 'कशावरून' असं कधीच विचारलं नाही.

तिने महिन्याभरात नोकरी सोडली. दीड वर्ष स्वतः पट्टी लावली, शाळेतसुद्धा. पोरगी आता मोठी होती, वर्गातली पोरं चिडवायची, ती पट्टी फाडून फेकायची, आईला लाथा मारायची. आई पुन्हा लावायची. डोळा दोन ओळी सुधारला आणि तिथे थांबला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पहिली दोन वर्षं मिळाली असती तर खूप वेगळं चित्र असतं. ही दोन वर्षं कुठे गेली ते मला माहीत आहे. कॅलेंडरच्या चौकोनांत आहेत.

पुढे ते तिघं चेंबूरला राहायला गेले. संसार मोडला नाही. पण मुलगा भांडणात एक हत्यार कायम वापरतो. विषय गॅसच्या नळीचा असो की पोरीच्या क्लासचा, शेवटी म्हणतो, "तू पोरीचा डोळा घालवलास, तू मला शिकवू नकोस." माझ्यासमोर म्हटलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि सून दर वेळी माझ्याकडे एकदा बघते, फक्त एकदा, आणि मग हातातलं काम पुढे सुरू करते.

गेल्या गणपतीत ती सगळी मुलुंडला आली होती. नात आता सोळा वर्षांची आहे. डाव्या काचेने तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. ती चहा ओतत होती, आणि पहिली धार कपाच्या बाहेर पडली. तिचं असं होतं. लांब-जवळचा अंदाज चुकतो. आता ती किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून ओतते, पण त्या दिवशी घाईत होती. आई फडकं घेऊन आली. नात हसली आणि टेबलावर बोटांनी ताल धरून म्हणाली, "ई. एफ पी. टी ओ झेड. मला अजून पाठ आहे, माहितीये?"

"आईचे उपकार," मुलगा म्हणाला.

नातीने माझ्याकडे बघितलं. "आजोबा, खरंच आईने शिकवलं होतं का रे? मला चाल आठवते. कोण शिकवायचं ते नाही आठवत. मला तर दिवा लावलेला आठवतो."

सुनेचा फडक्यावरचा हात थांबला. एवढ्या वर्षांत याहून सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"आता कुठे आठवतंय गं," मी म्हणालो. "वय झालं."

सुनेने टेबल पुसलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी चेंबूरला गेलो. मुलगा कामावर, नात कॉलेजात, अशी वेळ बघून. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. हो, पाठ. मला दुसरं येतं काय? सुनेने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. पंखा वाढवला. मी विचारलं, लिफ्ट दुरुस्त झाली का. ती म्हणाली, झाली. चहा घेणार का? अर्धा कप, मी म्हणालो. तिने अर्धा कप दिला, बरोबर दोन बिस्किटं, आणि समोर बसली. टीव्ही नाही, मोबाइल नाही. हात मांडीवर ठेवून बसली. तिला कळलं होतं मी कशासाठी आलोय. तिने मला पुरेपूर वेळ दिला, आणि मी तो बिस्किट बुडवण्यात घालवला.

दारात चपला घालताना तिने विचारलं, "बाबा, काही बोलायचं होतं का?"

"नाही गं. सहज आलो होतो."

तिने मान हलवली आणि दार लावलं. जोरात नाही, नेहमीसारखंच.

हे लिहिणं हीसुद्धा तोंड लपवायचीच एक तऱ्हा आहे, ते मला समजतं. जे चार माणसांच्या घरात बोलायचं ते मी अनोळखी लोकांना वाचायला देतोय. तरी खिशातला तो कागद अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलाय. त्यावर जे लिहिलंय ते असं:

सूनबाई, पट्टी मी काढत होतो. खुणा मी खोट्या केल्या. तक्ता मी पाठ करून घेतला आणि नाव तुझं घेतलं. तुला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं, तू धावपळ केलीस, आणि मी तुझ्या पोरीची दोन वर्षं चोरली. डोळा तू घालवला नाहीस. मी घालवला. आज संध्याकाळी तो घरी आला की तू समोर असताना हे मी त्याला सांगणार आहे. माझं चुकलं.